तिघांचा कागद

सर रागावले की शुद्ध बोलत. आमच्याकडे एरवी हे उलटं असतं, बरं का. बँकेत, तहसील कचेरीत माणूस शुद्ध बोलतो आणि डोकं फिरलं की मालवणी आपसूक बाहेर पडते. सर खूश असले की, "काय गो, आज जेवलंस काय बरा?" आणि बिनसलं की, "आपण काल कोठे होतात?" 'आपण' म्हटलं की दहावीतला दांडगट मुलगासुद्धा गार पडायचा. एकदा एक मुलगा सराव बुडवून खाडीवर गरी टाकून बसला होता. सर सायकलवरून तिथे गेले, सायकल माडाला टेकवली, त्याच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "आपणास आज काय काय मिळाले?" त्या मुलाने गरी टाकून पळ काढला तो थेट मैदानात. गरीला लागलेले दोन गुंजली मासे सरांनी पाण्यात सोडून दिले म्हणतात. मी बघायला नव्हते.

मैदान मात्र मी रोज बघायची. माझं परडं आणि हायस्कूलचं मैदान यांच्यामध्ये एक चिऱ्याचा गडगा, कमरेएवढा. मागीलदारी मी वाटण वाटत असायची, मसाला भाजत असायची आणि पलीकडे सरांची कबड्डी चाललेली. माझी घरगुती खानावळ आहे. पर्यटक येतात, सुरमईची थाळी खातात, फोटो काढतात. त्यांचं होईपर्यंत चार वाजायचे आणि मग मी पाट घेऊन मागीलदारी बसायची. सर पी.टी.चे. कबड्डी मुलींची आणि मुलांची, दोन्ही तेच घेत. नाव लिहीत नाही, त्यांना आवडायचं नाही. गावात ते नुसते 'सर'च होते.

उंच, वाळलेले. पांढरी पँट, तिची उजवी बाजू कायम दुमडलेली, सायकलच्या साखळीत जाऊ नये म्हणून. सायकलवरून उतरले तरी दुमडलेलीच. लग्नातसुद्धा मी त्यांना तसंच पाहिलंय. काखेत छत्री, बाराही महिने. कोणी विचारलं, "सर, ऐन मे महिन्यात छत्री कित्याक?" तर म्हणायचे, "मे महिन्यातच तर उन्हाळो आसा." आणि उन्हात ती कधी उघडलेली बघितली नाही. तिच्या टोकाने ते मैदानातले खडे उकरत.

आमची माती तांबडी, खड्यांची. पडलं की गुडघे सोलवटतात. म्हणून खेळायला उतरण्याआधी प्रत्येकाने पाच खडे उचलून गडग्यापलीकडे टाकायचे, असा त्यांचा दंडक. गडग्यापलीकडे म्हणजे माझ्या परड्यात! मी एकदा भांडले. "सर, माझी अळवाची पानां फुटतत!" तर दुसऱ्या दिवशी सगळी पोरं ओळीने येऊन खडे हातात घेऊन माझ्या दारात उभी. "काकी, खंय टाकू?" मी म्हटलं, "टाका बाबा, खंयव टाका." वर्षभराने त्या खड्यांनी मी नळाकडची जागा भरून घेतली. पाय बुडत नाही आता चिखलात.

सरांचा कागद तालुक्यात प्रसिद्ध होता. जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्या शनिवारी संघातल्या मुलांच्या आईबापांना बोलवायचे. हॉलमध्ये बाकं. सर स्वतः उभे. प्रत्येकाच्या हातात एक कागद, त्यावर तीन रकाने. खेळाडूने काय करायचं, प्रशिक्षकाने काय करायचं, पालकांनी काय करायचं. खाली तीन सह्या. माझी मुलगी संघात गेली त्या वर्षी मलाही बोलावणं आलं, तेव्हा मी आधी समजले की हा काहीतरी फीचा कागद. वाचायला लागले तर पालकांचाच रकाना सगळ्यात लांब.

"सर, खेळतली चेडवां, आणि नियम आमका?" एका मुलीचा बाप म्हणाला.

"चेडवां ऐकतत," सर म्हणाले. "तुमकाच लिहून देवचा लागता."

आणि प्रत्येकाला एकेक ओळ मोठ्याने वाचायला लावायचे. मी चौथीपर्यंत शिकलेली, पुढचं सगळं पुड्याच्या कागदावर वाचून वाचून शिकले. पण त्या दिवशी सर म्हणाले, "वैनी, तुमी वाचा," आणि मी उभी राहून वाचलं. माझ्या वाट्याला आली ती ओळ अशी, की सामन्यावरून घरी परतताना वाटेत खेळाविषयी एक शब्द काढायचा नाही. मासे, लग्नं, बाजारभाव, काहीही बोला. खेळाचं दुसऱ्या दिवशी सकाळी. मला हसू आलं. पण नंतर कळलं की पोरांना मारबिर बसायचा तो टेम्पोतच बसायचा. हरून आलेलं पोर आधीच रडवेलं, त्यात बापूस सुरू, "तुका सांगलंलंय ना उजव्या बाजून जा म्हणान?" बापाने जन्मात कबड्डी खेळलेली नसायची.

खेळाडूंच्या रकान्यात नखं कापण्यापासून होतं. दुखलं तर लपवायचं नाही. गणितात नापास झालेला खेळणार नाही, पण संघाबाहेरही जाणार नाही, पाण्याची कळशी सांभाळणार. एक मुलगा तीन वर्षं कळशीच सांभाळत होता. त्याच्याएवढं थंड पाणी कोणी दिलं नाही. आणि प्रशिक्षकाच्या रकान्यात सरांनी स्वतःला बांधून घेतलं होतं. हरल्यावर पोरांना बोलणार नाही. कुणाकडून काही घेणार नाही. आणि एक ओळ होती की वजन बसवण्यासाठी कोणत्याही मुलाला उपाशी ठेवणार नाही, तहानेलं ठेवणार नाही, पळवणार नाही. ती ओळ मी वाचली आणि सोडून दिली. कबड्डीत वजन बघतात हेच मला तेव्हा माहीत नव्हतं.

सामना घरच्या मैदानावर असला की सर दोन माडांना सुंभ बांधत आणि पालक सुंभाच्या अलीकडे. ओरडायचं नाही. टाळ्या चालतील. पण मालवणचा माणूस आणि गप्प राहणार? एक गृहस्थ होते, त्यांचा आवाज बंदरापर्यंत जायचा. "पकड तेका! पाय धर मेल्या, पाय!" सर शांतपणे सुंभाकडे आले, खिशातून लिमलेटची गोळी काढली.

"तोंड उघडा."

"कित्याक?"

"उघडा तर."

गोळी घातली तोंडात. "चघळून चघळून विरघळली की मगे बोला. चावूची नाय."

मग तीच रीत पडली. ओरडला की गोळी. पुढे पुढे काही बाप्ये गोळीसाठीच ओरडायला लागले, तो भाग वेगळा.

सुरमईची गोष्ट मात्र सगळ्या बाजाराने पाहिली. एका पालकाला वाटत होतं आपला मुलगा संघात पहिल्या सातात खेळावा. हाताएवढी सुरमई घेऊन सकाळी सरांच्या दारात. "सर, ताजी आसा, आत्ताच होडयेतसून उतरली." सर घरी नव्हते. माशाला कोण नाही म्हणणार? त्यांच्या बायकोने, आम्ही त्यांना बाई म्हणतो, ठेवून घेतली. सर आले, बघितलं, सुरमईच्या शेपटीला दोरी बांधली आणि सायकलच्या हँडलला लटकावून निघाले परत द्यायला. भर बाजारातून. दहा जणांनी विचारलं, "सर, खंय गावली एवढी?" आणि सर प्रत्येकाला थांबून सांगत, "गावूक नाय. परत करूक चललंय." त्या पालकाच्या घरापर्यंत पोचेपर्यंत अख्ख्या गावाला कळलं होतं कोणाची सुरमई. त्या माणसाला आठ दिवस तोंड दाखवायची चोरी.

लोक हसले. पण सर हसले नाहीत. पुढच्या जूनच्या कागदावर त्यांच्या रकान्यात एक ओळ वाढली, की कोणत्याही पालकाला चारचौघांत लाज वाटेल असं वागणार नाही. मी विचारलं, "सर, ही नवी ओळ?" तर म्हणाले, "सुरमय लय मोठी होती वैनी. पिशयेत घालून नेवक होयी होती." आणि तो मुलगा संघात आला, त्याच्या खेळावर आला. बापाला काय वाटलं असेल ते असो.

सरांच्या बाई माझ्याकडे मसाला न्यायला यायच्या. त्यांना मी एकदा म्हटलं, "तुमका घराकडे पण कागद देतत काय ओ?" बाई म्हणाल्या, "घराकडे कागद माझो आसा. हेंची सही पयल्याच दिवसाक घेतलंय." म्हणजे सायकल अंगणात आली की पँटची दुमड सोडून घरात शिरायचं, एवढा एक नियम सर पाळत. बाकी बाईंनी सोडून दिलं होतं.

आता सर निवृत्त झाले, मिठबावला असतात, बायकोच्या माहेरच्या बागेत. तिथे माडांना आळी करताना कामगारांना पाच पाच खडे उचलायला लावतात असं ऐकते. खरं खोटं देव जाणे. सर म्हटले की माझ्या मनात पहिल्यांदा येतं ते कुडाळचं मैदान. ते सांगते आणि मग पुरे.

माझी तनू मला चाळिशीत झाली. एकुलती. त्यामुळे लोक म्हणायचे, हिने पोरीला लोण्यात ठेवलीय. लोण्यात कसली, ती सरांच्या तांबड्या मातीत वाढली. आठवीत संघात गेली, दहावीत कप्तान झाली. चढाईला गेली की कमरेत अशी वाकायची की समोरच्या पोरींना ती कुठून सुटली ते कळायचं नाही. दहावीचं वर्ष, शाळेतलं शेवटचं. जिल्ह्याचे सामने कुडाळला. तनूने भिंतीवर तारखेला गोल करून ठेवला होता. तिला दुसरं काही सुचत नव्हतं. झोपेतसुद्धा "कबड्डी कबड्डी" करायची.

तिच्या गटाला वजनाची हद्द होती आणि तनू त्या हद्दीवर अगदी नेमकी. सरांनी दोन महिने आधीच मला सांगितलं होतं, "वैनी, चेडू वाढता आसा. वाढांदे. रोजचा जेवण रोजच्यासारखा देवा. कमी नको, जास्त नको. शेवटचे आठ दिवस तर काय बदलूच नको." मी म्हटलं, "बरा." आणि केलंही तसं. आदल्या दिवसापर्यंत.

आमच्या वाडीत वर्षातून एकदा घरोघर राखण देतात. म्हणजे वाडीचा जो राखणदार देव, त्याला कोंबडा द्यायचा आणि गाऱ्हाणं घालायचं, की बाबा, आमच्या पोराबाळांची राखण कर. कोणा घरचा वेगळा नवस असेल तर तोही त्यात. मी काय केलं, आमच्या घराची राखण त्या वर्षी मुद्दाम सामन्याच्या आदल्या दिवशी लावून घेतली. म्हटलं, देवाच्या कानावर ताजं ताजं राहील. वाडीतल्या म्हाताऱ्या काकांनी गाऱ्हाणं घातलं, "ह्या लेकरू कुडाळाक खेळाक जाता आसा, तेका यश दी रे महाराजा!" आणि आम्ही सगळे, "व्हय महाराजा!" तनूच्या कपाळाला अंगारा लावला. दुपारी घरी कोंबडीचा रस्सा आणि वडे.

आणि ज्याच्या नावाने राखण, त्याने प्रसाद खायचाच, असं आमच्यात आहे.

तनू म्हणाली, "आये, माका नको. उद्या वजन आसा."

"अगो देवाचा नको म्हणतंस? एका वड्यान काय होता?"

"आये, सरांनी सांगल्यानी…"

"सर काय देवापेक्षा मोठे?"

खाल्ला तिने एक. मग मी म्हटलं एक कसा, देवाला जोडी लागते. मग तिची आत्या म्हणाली माझ्या हातचा एक. असे पाच झाले, आणि रस्सा, आणि भात. संध्याकाळी उरलेलं. सकाळी पहाटेच टेम्पो यायचा, तिला रिकाम्या पोटी कसं पाठवू? चहाबरोबर दोन वडे. वर मोठा पेला पाणी. मला वाटलं मी पोरीला ताकद देतेय. खरंच वाटलं.

कुडाळला पालक म्हणून मी बरोबर गेले. वजनकाटा शाळेच्या व्हरांड्यात मांडलेला, टेबलावर पंच, हातात याद्या. एकेक मुलगी चढत होती, उतरत होती. तनू चढली. पंचाने वाकून बघितलं, पुन्हा बघितलं. तो पंच सरांचाच जुना विद्यार्थी निघाला. हळूच म्हणाला, "सर, हद्दीच्या वर आसा. अर्ध्या किलोक थोडा कमी."

मी पुढे घुसून काट्यावरचा आकडा स्वतः बघितला.

"सर, अर्धो तास आसा अजून," पंच म्हणाला. "थोडी पळवा तिका, घाम येवंदे, उतरतला. बघा, सगळे तेच करतत."

आणि खरंच, पलीकडे बघते तर दुसऱ्या शाळांच्या चारपाच पोरी ऑक्टोबरच्या त्या उन्हात रेनकोट घालून पळत होत्या. एकजण गडग्याशी उभी राहून थुंकत होती, थुंकीने वजन कमी होतं म्हणे. तिचे सर शेजारी घड्याळ बघत उभे.

आमचे सर म्हणाले, "नाही."

शुद्ध.

"सर, पळांदेत ना तिका," मी म्हटलं. "अर्धो तास आसा!"

"वहिनी, कागदावर काय लिहिले आहे?"

"कागद घाला चुलीत! तिचा शेवटचा वरस आसा!"

सगळी पोरं बघायला लागली. दुसऱ्या शाळेचे पालकसुद्धा. कोणीतरी विचारलं, "काय झाला? चेडवान काय खाल्ल्यान?" आणि माझ्या तोंडून काय निघावं? मी ते विसरलेले नाही. मी म्हटलं, "बाजारात वडापाव खाता मेला! सांगान सांगान जीभ झिजली माझी. ऐकतला तर शपथ!"

तनूने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं.

सरांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्या कपाळाकडे, आणि छत्री काखेत घट्ट केली.

सर याद्यांच्या टेबलाकडे वळले तशी मी तनूला ओढत शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे नेली. कुणा एका बाईकडून जाड स्वेटर मागून घेतला, तिच्या अंगात चढवला आणि म्हटलं, "पळ." तीही पळाली. तिला खेळायचं होतं हो. पंधरा वर्षांचं पोर, त्याला पळ म्हटलं तर ते विहिरीतसुद्धा पळेल. टाकीभोवती फेऱ्यावर फेरे. पाचव्या का सहाव्या फेरीला तिचं तोंड पांढरं पडलं आणि ती मातीत बसली.

सर तिथे कधी आले कळलं नाही. तांब्या होता हातात. तिच्या अंगातला स्वेटर काढला, पाणी पाजलं. तनू म्हणते, "सर, होतला. अजून धा मिनटां आसत. मी पळतंय."

मला वाटलं आता शुद्ध बोलणार. पण अगदी हळू म्हणाले, "नाय गो बाय. बस हयसर. दम घे."

आणि टेबलापाशी जाऊन, माझ्या डोळ्यांदेखत, यादीतल्या तिच्या नावावर रेघ मारली. म्हणजे आता पळून उपयोगच नाही. तिच्या जागी राखीवमधली नववीतली एक बारकी पोर सातात घेतली. ती बिचारी घाबरून रडायला लागली. तिला समजवायला कोण गेलं? तनू गेली. स्वतःचे गुडघ्याला बांधायचे पट्टे सोडून तिला बांधले.

त्या घटकेला मी सरांना मनात काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. "शिरा पडो तुमच्या कागदार" हे त्यातलं सगळ्यात सोज्वळ.

पहिला सामना पोरींनी जिंकला. दुसरा दोन गुणांनी हरल्या. टेम्पोत सगळी गप्प. सरच बोलत होते, बांगड्याचे भाव, कोणाच्या तरी लग्नातला मांडव कसा पडला ते. कोणी ऐकत नव्हतं. तनू खिडकीशी बसली होती आणि माझ्याकडे तिची पाठ होती.

गावात दोन दिवस चर्चा. सर हट्टी, सरांनी संघ घालवला, एवढं काय वजन ते. मी ऐकून घेत होते. मला कोणी विचारलं तर "बघा ना" म्हणायचे. बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

पण घरात काहीतरी वेगळंच सुरू झालं होतं. तनू जेवेना. आधी म्हणाली भूक नाही. मग अर्धी भाकरी. मग सोलकढीचा पेला नि उठली. मी मासे तळले, घावणे घातले, "नको." मला वाटलं राग आहे, जाईल. आणि चौथ्या दिवशी नाक्यावरचा दुकानदार मला म्हणाला, "काकी, तुमचा चेडू रोज शाळेतसून येताना माझ्या तांदळाच्या काट्यार उभ्या रवता. काय वजन करता, काय लिहून घेता. बरा आसा ना तेचा?"

घरी येऊन तिचं दप्तर बघितलं. गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर आकडे. रोजचा कमी. शेवटच्या आकड्याखाली दोन रेघा ओढलेल्या, बरोबर आलेल्या उदाहरणासारख्या.

त्याच आठवड्यात मैदानावर एक तमाशा चालू होता. सर सकाळी शाळा भरायच्या आधी एकटे मैदानाला फेरे घालत होते. पळत. पँट दुमडलेली, छत्री काखेत. दोन वर्षांत निवृत्त होणारा माणूस! दम लागायचा, थांबायचे, पुन्हा निघायचे. व्हरांड्यातल्या फळ्यावर खडूने लिहून ठेवलं होतं, "प्रशिक्षकाची चूक. सात दिवस, रोज सात फेरे." पोरं गडग्यावर बसून मोजायची. जाणारे येणारे हसायचे, "सर, पोलिसात भरती काय?"

मी मागीलदारी उभी राहून तीन दिवस बघितलं. वहीतले ते आकडे बघितल्यावर त्या रात्री डोळा लागला नाही. सकाळी पदर खोचला आणि गडग्याची जिथे पडझड झाली होती तिथून पलीकडे गेले. सर चौथ्या फेरीत होते. मी त्यांच्या बाजूने चालायला लागले. ते पळत होते म्हणे, पण माझ्या चालण्याइतकंच.

"सर, वडापाव नव्हतो," मी म्हटलं. "मी राखण दिलंलंय. मीच बसवन बसवन घातलंय तिका."

"माका म्हायत आसा."

"कसा?"

"कपाळाक अंगारो होतो तिच्या. वडापाववालो अंगारो लावता काय?"

मी चालतच राहिले. "मगे तुमी कित्याक फेरे घालतात? चूक माझी. मी घालतंय फेरे."

सर थांबले. गुडघ्यावर हात टेकून दम घेतला. "वैनी, माझो कागद सांगता की आदल्या दिवसाक हर एका पोराच्या घराकडे जावन येवचा. तुमच्याकडे गेलंय नाय. सायकल पंक्चर होती म्हणान. गेलो असतंय तर वडे दिसले असते. ही माझी शिक्षा, तुमका त्यातली मिळूची नाय."

"मगे माझी?"

"आवशीक शिक्षा नाय कागदार." छत्रीच्या टोकाने त्यांनी एक खडा उकरला. "चेडू जेवता काय?"

मला रडूच आलं. सगळं सांगितलं, तांदळाचा काटा, वही, दोन रेघा. सरांचा चेहरा बदलला. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं. फेरा तिथेच टाकला.

"तिका वाटता तिचाच अंग चुकला," ते म्हणाले. "तुमी चारचौघांत तसाच सांगलास. मी सांगान उपयोग नाय, डॉक्टर सांगान उपयोग नाय. तुमी सांगा. आजच सांगा. आणि वैनी, 'पण' म्हणू नको मधी."

"म्हणजे?"

"'चूक माझी, पण तुझ्या बऱ्यासाठी', असा नाय. नुसता चूक माझी. थंयच थांबा."

तुम्हाला सोपं वाटेल. आमच्याकडे आई मुलीची माफी मागत नाही. आई फार तर तिच्या आवडीचं काहीतरी रांधते, आणि पोरीने ते समजून घ्यायचं असतं. माझ्या आईने मला कधी 'चुकलं' म्हटलं नाही, तिच्या आईने तिला म्हटलं नसणार. दिवसभर खानावळीत माझ्या हातून मीठ दोनदा पडलं.

तनू शाळेतून आली. मी ओसरीवर बसले होते. म्हटलं, "बस." बसली, लांब.

"वडे मी घातलंय तुका. तू नको म्हणत होतंस. कुडाळाक सगळ्यांसमोर मी खोटा सांगलंय. तुझी चूक नव्हती, तुझ्या अंगाचीव नव्हती. चूक माझी."

आणि ओठावर आलेला 'पण' गिळला. फार मोठा होता तो.

मला वाटलं ती येऊन गळ्यात पडेल. कसली पडते! उभी राहिली आणि अशी भडकली की शेजारची कुत्री भुंकायला लागली. "तू खोटा सांगलंस! माझ्या सगळ्या मैत्रिणींसमोर! तीन वर्सां मी खेळलंय, आणि तू माका खादाड केलंस! माका खेळूचा होता आये! माका खेळूचा होता!" रडत होती, ओरडत होती, दप्तर आपटलं. हे आतून उठून आले, मी हातानेच त्यांना थांबवलं.

मग ती तरातरा स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज झाला. मी दारातून बघितलं. पाटसुद्धा न घेता जमिनीवर बसली होती. ताटात भात उपसून घेतला होता, त्यावर बांगड्याचं तिखलं, आणि रागारागाने खात होती. नाक ओढत, डोळे पुसत, मोठे मोठे घास. भाताचं भांडं संपवलं आणि म्हणाली, "भाकरी खंय आसा?"

मी भाकरी पुढे सरकवली. तिने माझ्याकडे न बघता घेतली.

चार दिवस ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. चारही दिवस पोटभर जेवली.